जुन्या बिनतारी जोडण्यांचे दुभाषी

वसंतातील व्याख्यानांच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण हे विषय नेहमीचे आहेत. त्यांच्या पंक्तीस अंगठ्याएवढ्या, काही शे रुपयांच्या एका उपकरणाचा विषय आणून बसविणे कोणास विजोड वाटेल. परंतु ज्या वस्तूवाचून घरातील विद्यार्थ्याचा अर्ज भरावयाचा राहतो, त्या वस्तूस क्षुद्र म्हणण्यात अर्थ नाही.

संगणकाच्या बाजूच्या खाचेत खोचावयाचा बिनतारी यूएसबी अडॅप्टर आज किती तरी घरांच्या खणांत पडून आहे. पुष्कळदा तो मोडलेला नसतो. खोचला तर त्याचा दिवाही लागतो. पण संगणक नवा घेतला, किंवा जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली चढविली, की तो मुका होतो. आणि घरातील मंडळी 'हे गेले' असे म्हणून दुसरा विकत आणतात. वस्तू मोडली म्हणून टाकणे निराळे, आणि तिची भाषा जाणणारा कोणी उरला नाही म्हणून टाकणे निराळे. हा भेद कसा ओळखावा आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तूस पुन्हा बोलते कसे करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम या वस्तूची कुळकथा थोडक्यात पाहू. संगणकास बाहेरची उपकरणे जोडण्याची यूएसबी ही सर्वसाधारण पद्धत १९९६ साली आली. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण ठरले. १९९९ मध्ये त्याची सेकंदास ११ मेगाबिट वेगाची आवृत्ती निघाली, २००३ मध्ये ५४ मेगाबिटांची, आणि २००९ मध्ये त्याहून पुष्कळ वेगवान अशी 'एन' आवृत्ती. त्या काळच्या बहुतेक मेजावरच्या संगणकांत रेडिओ नव्हता. तेव्हा पेटी न उघडता बाहेरून खोचता येईल असा रेडिओ हवा होता, आणि तो यूएसबीमुळे मिळाला. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि त्यानंतर ही लहान उपकरणे आपल्याकडील दुकानांतून सर्रास दिसू लागली.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. या शब्दाचा अर्थ चालक असा असला, तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे. पेशवे दरबारात फिरंगी वकील आला, तर त्याचे म्हणणे सांगावयास दुभाषी लागे. वकील हुशार, दरबारही हुशार. पण मधला मनुष्य नसेल तर दोघेही एकमेकांस मुके. संगणकाच्या दरबारात कार्यप्रणालीचा गाभा बसलेला असतो, आणि अडॅप्टरमधील चिप ही परक्या मुलखाची. 'हे पाकीट हवेत सोड' असे गाभा म्हणतो; त्याचे त्या विशिष्ट चिपला समजेल अशा आज्ञांत भाषांतर करणे हे ड्रायव्हरचे काम होय. दुभाष्यास दरबाराच्या आतल्या महालात प्रवेश द्यावा लागतो, तद्वतच ड्रायव्हर बहुधा गाभ्याच्या आत, सर्वाधिकारांनिशी चालतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढील पुष्कळ अडचणींचे मूळ त्यात आहे.

या दुभाष्याबरोबर आणखी दोन असामी असतात, आणि त्यांची गल्लत फार होते. एक फर्मवेअर. ही चिपच्या आत चालणारी लहानशी आज्ञावली असते. कित्येक अडॅप्टरांत ती कायमची साठविलेली नसते. प्रत्येक वेळी खोचल्यावर ड्रायव्हर ती संगणकातून उचलून चिपमध्ये भरतो. ती फाइल जागेवर नसेल, तर दुभाषी हजर असूनही वकील झोपलेलाच राहतो. दुसरा असामी म्हणजे परवलीचा शब्द देऊन राउटरकडून प्रवेश मिळविणारा कार्यक्रम. अडॅप्टर जाळ्यांची नावे दाखवितो पण जोडला जात नाही, अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा या शेवटच्या पायरीवर असतो. नावेच दिसत नसतील, तर ड्रायव्हर वा फर्मवेअर यांकडे पाहावे. आणि उपकरण खोचल्याची नोंदच संगणकात होत नसेल, तर खाच, तार किंवा वीज तपासावी. कोणत्या पायरीवर गाडी अडली हे न पाहता पुन्हापुन्हा ड्रायव्हर चढवीत बसणे म्हणजे दुखते पोट आणि लेप कपाळाला.

ड्रायव्हर शोधावयास निघालेला मनुष्य पहिली चूक करतो ती डबीवरील नाव वाचण्याची. डबीवर विकणाऱ्या कंपनीचे नाव असते. आतील चिप निराळ्याच कारखान्याची असते. रियलटेक, रॅलिंक, अथेरॉस अशा मोजक्या कारखान्यांच्या चिपा शेकडो नावांखाली विकल्या गेल्या. एवढेच नव्हे, तर एकाच नावाखाली चिप बदलते. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन-७२२-एन हा लोकप्रिय अडॅप्टर याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर-९२७१ ही चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून तेथे रियलटेकची ८१८८-ईयूएस आली. नाव तेच, घाट जवळपास तोच, आणि ड्रायव्हर सर्वस्वी भिन्न. पहिल्या आवृत्तीविषयी कोणी लिहिलेली कृती दुसऱ्या आवृत्तीवर करणाऱ्याचा दिवस फुकट जातो, तो यामुळे.

म्हणून नाव न विचारता क्रमांक विचारावा. प्रत्येक यूएसबी उपकरण खोचताक्षणी आपले दोन क्रमांक सांगते: एक कारखानदाराचा व एक वस्तूचा. दोन्ही चार-चार अक्षरांचे असतात, आणि ते अंक शून्यापासून नऊपर्यंत व पुढे 'ए'पासून 'एफ'पर्यंत अशा षोडशमान पद्धतीने लिहितात. रियलटेकचा कारखानदार-क्रमांक '०बीडीए' असा आहे. वर सांगितलेल्या ८१८८-ईयूएस चिपचा वस्तु-क्रमांक पुष्कळ अडॅप्टरांत '८१७९' असतो. एआर-९२७१ चिप '०सीएफ३' आणि '९२७१' असे उत्तर देते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या उपकरणाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. हे क्रमांक एका चिठ्ठीवर उतरून अडॅप्टरला चिकटवून ठेवावेत. पुढच्या वेळी अर्धे काम वाचते.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. काही अडॅप्टर खोचल्यावर प्रथम आपण अडॅप्टर असल्याचे सांगतच नाहीत. आपण एक तबकडी आहोत असे सांगतात. त्या लटक्या तबकडीत विंडोजसाठी ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणजे ग्राहकास वेगळी तबकडी द्यावी लागत नाही. ड्रायव्हर चढला, की तो त्या तबकडीस 'बाहेर ये' अशी आज्ञा करतो, आणि मग उपकरण आपले खरे रूप प्रकट करते. लिनक्सवर '०बीडीए' व '१ए२बी' असा क्रमांक दिसला, तर हे सोंग चालू आहे असे समजावे. तबकडी बाहेर काढण्याची आज्ञा देताच, किंवा 'यूएसबी मोडस्विच' हा कार्यक्रम बसविताच, क्रमांक बदलतो.

चांगली चालणारी वस्तू नव्या कार्यप्रणालीत का अडते? याची कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले, घराची मापेच बदलली. बत्तीस बिटी विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर चौसष्ट बिटी गाभ्यात शिरू शकत नाही, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटी आहे. दुसरे, दारावर पहारा बसला. आतल्या महालात कोणीही शिरू नये म्हणून २००७ च्या विंडोज व्हिस्टाच्या चौसष्ट बिटी आवृत्तीपासून ड्रायव्हरवर प्रमाणित सही असण्याची सक्ती झाली, आणि २०१६ पासून नव्या ड्रायव्हरांवर खुद्द मायक्रोसॉफ्टची मोहोर लागू लागली. हा पहारा योग्यच आहे. पण ज्या कंपनीने जुना माल विकणे सोडले, ती आता मोहोर उठवून घ्यावयास कशास जाईल? तिसरे, कंपन्याच एकमेकींत विलीन झाल्या. अथेरॉस २०११ मध्ये क्वालकॉमकडे गेली, रॅलिंक त्याच वर्षी मीडियाटेककडे. अशा घडामोडींत जुन्या मालाची पाने अडगळीत पडतात. चौथे कारण लिनक्सचे खास आहे. तेथील गाभ्याची आतली व्यवस्था मुद्दामच स्थिर ठेवलेली नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा गाभा निघतो, आणि त्यात आतील दालने हलविलेली असू शकतात. जे ड्रायव्हर गाभ्याच्या कुटुंबातच आहेत, त्यांना दालन हलविणारेच नवी वाट दाखवितात. बाहेर राहणाऱ्यांनी आपली वाट आपणच शोधावयाची असते.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोजवर प्रथम अडॅप्टर खोचून, दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने इंटरनेट जोडून, विंडोजला आपणहून ड्रायव्हर शोधू द्यावा. बरेच जुने अडॅप्टर एवढ्यानेच चालू होतात. न झाल्यास चिपच्या किंवा अडॅप्टरच्या कारखानदाराच्या अधिकृत स्थळावरून विंडोज ७ किंवा त्यापुढील काळचा चौसष्ट बिटी ड्रायव्हर घ्यावा. त्या संचात आयएनएफ नावाची एक फाइल असते. ती साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडून तीत आपले दोन क्रमांक आहेत का ते पाहावे. असतील तर हा दुभाषी आपल्याच वकिलाचा आहे अशी खात्री झाली. नसतील तर पुढे जाऊ नये. मग डिव्हाइस मॅनेजरमधून, यादीतून निवडण्याच्या पर्यायातील 'हॅव डिस्क' या मार्गाने तीच फाइल दाखवावी. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाचे संरक्षण चालू असल्यास काही जुने ड्रायव्हर अडविले जातात. केवळ या एका अडॅप्टरासाठी ते संरक्षण बंद करू नये असे आमचे मत आहे. दोन-चारशे रुपये वाचविण्यासाठी घराचा कडीकोयंडा काढून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

लिनक्सवर अडॅप्टरांचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग सुखी: ज्यांचा ड्रायव्हर गाभ्यातच आहे. रियलटेकची ८१८७, अथेरॉसची एआर-९२७१, रॅलिंकच्या आरटी-३०७० व आरटी-५३७० या चिपा या वर्गातल्या. येथे काही चढवावयाचे नसते; फार तर फर्मवेअरचे पॅकेज बसवावे लागते. डेबियनने २०२३ च्या आपल्या बाराव्या आवृत्तीपासून ही फर्मवेअरे स्थापनेच्या संचातच दिली, त्यामुळे ही अडचणही कमी झाली. गाभ्याच्या नोंदवहीत, म्हणजे 'डीमेसेज' या आज्ञेच्या उत्तरात, फर्मवेअर न सापडल्याची ओळ दिसते का हे मात्र पाहावे.

दुसरा वर्ग बाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरांचा. यांचा मूळ मजकूर आणून आपल्या गाभ्याच्या मापाने तो आपल्याच संगणकावर बांधावा लागतो. त्यासाठी बांधणीची साधने आणि चालू गाभ्याच्या 'हेडर' फाइली हव्यात. नुसता एकदा बांधला, तर पुढचा गाभा येताच तो निरुपयोगी होतो, आणि एका सकाळी जाळे नाहीसे झालेले दिसते. म्हणून तो 'डीकेएमएस' या व्यवस्थेत नोंदवावा. ती प्रत्येक नव्या गाभ्याबरोबर ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधते. संगणकात 'सिक्युअर बूट' चालू असेल तर अशा घरी बांधलेल्या ड्रायव्हरवर आपली सही लागते, आणि त्या सहीची किल्ली पुढील सुरुवातीच्या वेळी निळ्या पडद्यावर एकदा मान्य करावी लागते. हा पडदा घाईने ओलांडल्यामुळे बांधणी यशस्वी होऊनही अडॅप्टर न चालल्याच्या तक्रारी पुष्कळ येतात.

या वर्गात एक पेच नेहमीचा आहे. ड्रायव्हर आणावयास इंटरनेट हवे, आणि इंटरनेट मिळावयास ड्रायव्हर हवा. किल्ली आत ठेवून पेटीस कुलूप लागावे तशी ही गत. पण आज घरोघरी असलेला अँड्रॉइड फोन येथे उपयोगी पडतो. तो तारेने संगणकास जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, की तोच घटकाभर जाळ्याचे काम करतो आणि लिनक्स त्यास बहुधा वेगळा ड्रायव्हर मागत नाही.

तिसरा वर्ग निवृत्तांचा. ज्यांचे ड्रायव्हर सांभाळावयास कोणी उरले नाही, ते गाभ्यातून काढून टाकले जातात. २०२३-२४ च्या सुमारास असे अनेक जुने बिनतारी ड्रायव्हर वगळले गेले, आणि त्यांत यूएसबी अडॅप्टरांचेही होते. पूर्वी विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालविणारा 'एनडिसरॅपर' नावाचा एक मध्यस्थ वापरात होता. आजच्या गाभ्यावर त्याच्या भरवशावर राहू नये. दुभाष्यालाच दुसरा दुभाषी दिला, तर चूक कोणाची हेही कळेनासे होते.

चालू झालेला अडॅप्टर चालू ठेवणे हे निगेचे काम आहे, आणि त्याचे नियम थोडे आहेत. चाललेल्या ड्रायव्हरची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. लिनक्सवर किमान एक जुना, चालणारा गाभा शिल्लक ठेवावा, म्हणजे नवा बिघडला तर सुरुवातीच्या यादीतून मागे जाता येते. विंडोजमध्ये हेच काम 'रोल बॅक ड्रायव्हर' ही कळ करते. एकाच चिपसाठी दोन ड्रायव्हर एका वेळी ठेवू नयेत. दोघे दुभाषी एकदम बोलू लागले, की दरबाराचा गोंधळ उडतो. गाभ्यातला नको असेल तर त्यास काळ्या यादीत घालावे. दर थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल, तर अडॅप्टरची वीज वाचविण्याची सोय बंद करून पाहावी.

पुष्कळदा दोष ड्रायव्हरचा नसतोच. यूएसबी २ च्या खाचेतून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. वीज नसलेल्या हबवर तीन-चार उपकरणांच्या पंक्तीत अडॅप्टर बसविला, तर तो उपाशी राहतो. दुसरे, यूएसबी ३ ची वेगवान देवाणघेवाण २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले. तेव्हा अडॅप्टर बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारी खोचू नये. हातभर लांबीची जोडतार लावून तो दूर, उंचावर ठेवावा. तिसरे, राउटर बाराव्या किंवा तेराव्या मार्गावर असेल, तर अमेरिकन बाजारासाठी बनविलेला अडॅप्टर तेथे ऐकतच नाही. राउटर पहिल्या, सहाव्या किंवा अकराव्या मार्गावर आणावा.

आणि काही वेळा निवृत्ती हाच योग्य निर्णय असतो, हेही सांगितले पाहिजे. केवळ 'वेप' ही जुनी कुलूप-पद्धती जाणणारा अडॅप्टर आता वापरू नये. २००१ मध्येच ती पोकळ ठरली, आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत उघडून दाखविली. एका अडॅप्टरच्या सोयीसाठी साऱ्या घराचे जाळे त्या पद्धतीवर नेणे घातक आहे. २००४ नंतरची 'डब्ल्यूपीए २' पद्धती ज्यास येते तो चालेल. पण २०१७ मध्ये तिच्यातही दोष सापडला आणि त्याची दुरुस्ती नव्या आज्ञावलीतून आली. म्हणून ड्रायव्हर जुना असला तरी कार्यप्रणाली अद्ययावत हवी. जिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला ती विंडोज १० असलेल्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न घरोघर उभा आहे. त्यांतील पुष्कळांवर लिनक्स नीट चालते, आणि त्यांच्यासाठीच पहिल्या वर्गातील जुने अडॅप्टर जपून ठेवण्याजोगे आहेत.

एक इशारा अगत्याने द्यावासा वाटतो. ड्रायव्हर फुकट शोधून देतो, सगळे ड्रायव्हर एका कळीने नवे करतो, असे सांगणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांपासून दूर राहावे. ड्रायव्हर गाभ्याच्या आत, सर्वाधिकारांनिशी चालतो, हे आम्ही आरंभी सांगितले ते यासाठीच. दारावर आलेल्या अनोळखी मनुष्यास आपण ओटीवर बसवितो. थेट माजघरात नेत नाही.

शेवटी या साऱ्यामागचा प्रश्न. वस्तू आमची, पैसे आम्ही मोजले. पण तिचे आयुष्य किती हे कोण ठरवितो? ज्या चिपची भाषा केवळ कंपनीच्या कपाटात आहे, तिचे आयुष्य ते कपाट बंद होईपर्यंत. ज्या चिपची भाषा उघड झाली, तिचे आयुष्य तिच्या तांब्या-सिलिकॉनाइतके. एआर-९२७१ चे फर्मवेअर २०१३ मध्ये मूळ मजकुरासह खुले झाले. ती चिप आजही कोणत्याही ताज्या लिनक्सवर खोचताच चालते. रियलटेकच्या ८८१२-एयू चिपचा ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षे गाभ्याबाहेर राहिला. प्रत्येक नव्या गाभ्याबरोबर तो मोडे, आणि जगभरचे स्वयंसेवक तो पुन्हा सांधीत. अखेर २०२५ साली निघालेल्या गाभ्यांत त्यास घर मिळाले. या कामात लॅरी फिंगर या अमेरिकन गृहस्थांचे नाव आदराने घ्यावे लागते. बिनतारी चिपांच्या लिनक्स ड्रायव्हरांवर ते सुमारे दोन दशके खपले. जून २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांनी सांधलेल्या दुभाष्यांवर चालणाऱ्या संगणकांपैकी कित्येकांच्या धन्यांना त्यांचे नावही ठाऊक नसेल.

तेव्हा पुढचा अडॅप्टर घेताना वेगाचा आकडा वाचण्यापूर्वी आत चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर गाभ्यात आहे काय, एवढे विचारावे. दुकानदारास सांगता आले नाही तर खुशाल दुसरे दुकान पाहावे. गिऱ्हाईक हे विचारू लागले, म्हणजे विकणाऱ्यासही त्याचे उत्तर डबीवर छापावे लागेल.